रेवाला आणायला डर्बीशरला

मे महिन्याच्या शेवटी मी चार दिवस इंग्लंडच्या खेड्यात राहून आले, हे सिंगापूरच्या बिशानमधल्या बहुतेक मराठी घरांना कळलंय. लिफ्टमध्ये, मार्केटात, गणपतीच्या मीटिंगला, जिथे गाठ पडेल तिथे लोक विचारतात: मुलांना घेऊन जाण्यासारखं आहे का, राहायचं कुठे, आणि शाकाहारी माणसानं जेवायचं काय? मी हौसेनं सांगते. डर्बीशरला जा, पीक डिस्ट्रिक्ट म्हणतात त्या डोंगराळ भागात. मँचेस्टरपर्यंत विमान, पुढे छोट्या आगगाडीनं तासाभराचा रस्ता. नदी, मेंढ्या, सायकल आणि चिखल एवढं मिळालं की मुलांना दुसरं काही सुचत नाही.

एवढं सांगून झालं की समोरचा माणूस जरा घुटमळतो. त्याला खरं विचारायचं असतं ते वेगळंच. रेवा आली का परत? अर्धी गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे आणि उरलेली अर्धी जो तो आपल्या मनानं जुळवतो. तेव्हा म्हटलं, सबंध आपणच लिहून टाकावी. सहलीची माहितीही त्यातच येईल.

रेवा माझी मुलगी, अकरा वर्षांची. समीर आणि मी वेगळे झालो तेव्हा त्याला मँचेस्टरला नोकरी लागली होती आणि त्याची आई त्याच्याजवळ राहायला जाणार होती. माझी नोकरी अशी, की बँकेची सिस्टिम बसली की मला जेवणाच्या ताटावरून उठावं लागतं. रेवा त्या वर्षी शाळा आणि ट्यूशन यांच्या चरकात इतकी पिळून निघाली होती, की वर्गात तोंडच उघडेनाशी झाली होती. तेव्हा ठरलं, काही दिवस तिनं आजीपाशी राहावं. त्या काही दिवसांची दोन वर्षं झाली. मध्ये एकदा ती इकडे आली, एकदा मी गेले, बाकी सगळं आईपण व्हिडिओ कॉलवर. येत्या सप्टेंबरात ती तिथल्या हायस्कूलला जाणार होती. एकदा ते सुरू झालं की ती तिथलीच होणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी इथे एका शाळेत जागा बघून ठेवली आणि समीरला फोन लावला.

तो भांडला नाही. भांडला असता तर मला सोपं गेलं असतं.

"तू तिलाच विचार," तो म्हणाला. "ती हो म्हणाली तर मी अडवणार नाही. फक्त माझ्यासमोर नको, आणि आईसमोर तर नकोच. तिला सुट्टी आहे, चार दिवस कुठेतरी घेऊन जा आणि नीट वेळ बघून विचार."

म्हणून डर्बीशर.

गुरुवार, हॅदरसेज

मँचेस्टरहून रेवाला घेऊन त्या खेड्याच्या स्टेशनवर उतरलो तेव्हा आमच्याबरोबर उतरलेली माणसं पाचएक मिनिटांत इकडेतिकडे पांगली आणि आम्ही दोघीच राहिलो. तिकीट तपासायला कुणी नाही, सरकता जिना नाही, सूचना देणारा आवाज नाही. पुढची गाडी तासाभरानं. आपल्याकडची मेट्रो, एमआरटी, तीन मिनिटं उशिरा आली तर मी घड्याळाकडे बघून सुस्कारे टाकते. इथे नुसतं उभं राहिलं तरी शेजारच्या शेतातलं गवत ओरबाडल्याचा आवाज ऐकू येत होता. मेंढ्या चरत होत्या.

आमची राहायची सोय एका शेतावरच्या घरात होती. मालकीणबाईंचं नाव जीन. सत्तरीच्या, तांबूस गालांच्या, पायात कायम रबरी बूट. त्यांचे यजमान मेंढ्या बघायचे आणि या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या. सकाळचा नाश्ता त्यांच्याकडे, बाकीचं आपलं आपण बघायचं. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी अशाच घरी उतरावं. हॉटेलात मुलं मोबाइल बघतात, इथे ती उठल्याबरोबर कोकरांना बाटलीनं दूध पाजायला पळतात.

स्टेशनपासून घरापर्यंतची पायवाट चक्क दुसऱ्याच्या शेतातून जाते. इंग्लंडात अशा जुन्या वाटा आहेत आणि त्यांवरून चालायचा कुणालाही हक्क आहे. जमीन कुणाची का असेना. आपण सिंगापूरकर हिरवळ दिसली की आधी दंडाची पाटी शोधतो, त्यामुळे माझं पाऊल काही आत पडेना. रेवा मात्र पुढे होऊन फाटक उघडून उभी राहिली, मी आणि माझी बॅग आत आल्यावर तिनं ते लावलं, कडी बसली की नाही हे हातानं ओढून बघितलं.

"शाळेत शिकवतात," ती म्हणाली. "फाटक जसं होतं तसंच ठेवायचं. नाहीतर मेंढ्या रस्त्यावर जातात."

मराठीत म्हणाली. मला हे नवंच होतं. बिशानला असताना मी मराठीत विचारायचे आणि ती इंग्लिशमध्ये, शेवटी सिंगापुरी 'लाह' लावून उत्तर द्यायची. आता दोन वर्षं आजीच्या सहवासात राहून तिच्या मराठीला थेट कोल्हापूरचं वळण लागलेलं. ज्या देशात जाऊन मुलीचं मराठी सुटेल म्हणून मी रडले होते, तिथेच ते सुधारलं. आनंद झाला, पण त्यात माझा वाटा काहीच नव्हता, हेही टोचलं.

संध्याकाळी गावात फिश अँड चिप्स खायला गेलो. मी तिला न विचारता दोन प्लेट मासे मागवले. हाताएवढा तुकडा, वर कुरकुरीत पिठाचं आवरण, बाजूला जाड कापलेले बटाटे आणि वाटाण्याचा हिरवा लगदा. हा लगदा दिसायला भयंकर पण लिंबू पिळून, मीठ-मिरपूड घालून खाल्ला तर आपल्या उसळीच्या जवळ जातो. रेवा बटाटे आणि वाटाणे तेवढे खात राहिली.

"मासा घे की."

"मी आता मासे, चिकन काहीच नाही खात, आई. सॉरी."

"कधीपासून?"

"ख्रिसमसपासून. आजीला माहितीये."

माझ्या बॅगेत चिकन राइसच्या मसाल्याची पाकिटं होती. तिला आवडतो म्हणून खास आणलेली. ती मी परत घेऊन आले, अजून फ्रिजवर पडून आहेत.

तिथे त्या दिवसांत साडेनऊपर्यंत उजेड असतो. आपल्याकडे वर्षभर सातला दिवस मावळतो, त्यामुळे मुलांना झोपवायची वेळ कधी झाली हे अंधारच सांगतो. इथे मी पडदे ओढले तरी खोली उजळलेलीच होती. रेवानं कपड्यांची घडी घातली, आपली बॅग भिंतीशी लावली आणि म्हणाली, "थँक यू फॉर टुडे, आई." आईला कोण थँक यू म्हणतं? दिवसभर तिचं तेच चाललं होतं. पाणी दिलं, थँक यू. वाट दाखवली, सॉरी. परक्या घरी पाहुणी आलेल्या मुलीसारखी ती माझ्याशी नीट वागत होती.

शुक्रवार, डर्वंट नदी

गावाच्या खालच्या अंगाला डर्वंट नदी आहे आणि ती ओलांडायला पूल नाही, दगड आहेत. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत मोठमोठे चौकोनी दगड ओळीनं मांडलेले. मुलांसाठी याच्याइतका स्वस्त आणि मस्त खेळ दुसरा नाही. पाणी पोटरीएवढं, पण इतकं गार की पाय घातल्याबरोबर मस्तकात कळ जाते.

रेवा टणाटण उड्या मारत पलीकडे गेली. मी मध्यावर जाऊन अडकले. दगड शेवाळलेला, दोन दगडांमधलं अंतर माझ्या पायांना न मानवणारं, मागे एक कुटुंब थांबलेलं. रेवा परत आली आणि तिनं माझा हात धरला.

"जरा दमानं घे, आई. पाण्याकडं बघू नको. दगडाकडं बघ."

हे अगदी तिच्या आजीचं बोलणं. माझ्या एकेकाळच्या सासूबाई नदीच्या मधोमध येऊन मला धीर देत होत्या. मी हसायला लागले आणि रेवाही हसली. पलीकडच्या गवतावर बसलो, तिनं बूट काढले, पाय पाण्यात सोडले. मनात म्हटलं, हीच वेळ. विचार आता. तेवढ्यात एक बदक पिल्लांना घेऊन आलं, ती त्यांच्या मागे काठाकाठानं गेली, आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

त्या दिवशीची आमची फजिती प्रत्येकानं लक्षात ठेवावी. आपल्याकडे हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत दुपारी चारला गेलं तरी कुणीतरी कढई परतत असतंच. मी त्याच हिशेबानं निवांत नदीवर बसले आणि तीन वाजता एका पबमध्ये शिरले. पब म्हणजे नुसता दारूचा गुत्ता नव्हे. खेड्यापाड्यात तेच घरगुती जेवणाचं ठिकाण, मुलाबाळांसकट आणि कुत्र्यांसकट. बारमागच्या मुलीनं फार वाईट वाटल्यासारखा चेहरा करून सांगितलं, की स्वयंपाकघर आत्ताच बंद झालं, आता एकदम सहाला. दोघींनी मिळून बटाट्याच्या वेफर्सची तीन पाकिटं खाल्ली. दुपारी दोनच्या आत जेवायला बसा, एवढंच सांगते.

सहाला परत तिथेच गेलो. रेवानं मागवलं ते प्लाउमन्स लंच, म्हणजे नांगऱ्याचं जेवण. खरं तर दुपारचं, पण त्यांनी दिलं. पावाचा मोठा तुकडा, चीज, कांदा, सफरचंदाची फोड आणि काळपट आंबटगोड लोणचं. शेतावरचा माणूस जगात कुठेही असला तरी कांदा, लोणचं आणि फडक्यात बांधता येईल असं काहीतरी खातो. शाकाहारी माणसाला उत्तम.

शनिवार, बेकवेलच्या वाटेवर

आज बसनं बेकवेलकडे. तिथे एक जुनी रेल्वेलाइन आहे, रूळ काढून तिचा सायकलचा रस्ता केलाय. मॉन्सल ट्रेल म्हणतात. सायकली भाड्यानं मिळतात, अगदी लहान मुलांच्यासुद्धा. चढ जवळजवळ नाहीच, कारण आगगाडीला चढ चालत नाही.

सिंगापूरला ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर रविवारी आम्ही सायकली घेऊन जायचो तेव्हा रेवा माझ्या पुढच्या छोट्या सीटवर असायची. नंतर तिला स्वतःची सायकल आली आणि मी मागून "डावीकडून, डावीकडून" असं ओरडत राहायचे. समुद्रावर उभी असलेली जहाजं ती मोजायची. इथे जहाजांऐवजी चुनखडीचे पांढरे कडे आणि खोल दरी. दरीवरच्या उंच पुलावर सगळे थांबतात, आम्हीही थांबलो. खाली नदीची वळणं, हिरव्या उतारांवर दगडी कुंपणांच्या रेघा. ही कुंपणं चुना-सिमेंट न घालता नुसते दगडावर दगड रचून केलेली असतात. अतिशय सुंदर आहे ते सगळं, का म्हणून सांगायचं नाही?

वाटेत बोगदे लागतात. दिवे आहेत, पण आत गार आणि ओलसर. रेवा माझ्या बाजूला येऊन चालवायला लागली. तिथे ती जवळ होती, चेहरा दिसत नव्हता, म्हटलं अंधारात विचारणं सोपं जाईल.

"रेवा," मी म्हटलं. बोगद्यानं ते मोठं करून परत केलं.

तिनं ब्रेक दाबला. "काय?"

ती पाय टेकून वाट बघत उभी राहिली. माझ्या घशातून बाहेर पडलं ते एवढंच: "भूक लागली का?"

"थोडीशी," ती म्हणाली आणि पुढे गेली.

ऑफिसात मी पन्नास माणसांच्या मीटिंगमध्ये नको ते प्रश्न विचारण्यासाठी प्रसिद्ध आहे.

बेकवेलला गेल्यावर बेकवेल पुडिंग खायचं असतं. दुकानांत त्याच नावाचा केकसारखा टार्ट मिळतो, तो वेगळा. पुडिंग म्हणजे पापुद्र्यांच्या वाटीत तळाला जॅम आणि वर अंडं-बदामाचं पिवळं, थलथलीत सारण. सिंगापूरच्या एग टार्टची धिप्पाड थोरली बहीण म्हणा. गरम कस्टर्ड ओतून देतात. दोघींत एक पुरेल असं वाटलं होतं, पण पुरलं नाही.

रविवार, पब

इंग्लंडात रविवारचं दुपारचं जेवण हा एक कुळाचार आहे. भाजलेलं मांस, भाजलेले बटाटे, भाज्या, वरून तपकिरी रस आणि यॉर्कशर पुडिंग नावाची फुगलेली पोकळ वाटी. मांस न खाणाऱ्यांसाठी दाण्यांची आणि भाज्यांची वडी. आम्ही टेकडीवर फिरून शेजारच्या गावातल्या पबमध्ये पोचलो तेव्हा सगळा परिसर तिथे लोटला होता. चिखलाचे बूट, ओली कुत्री, तीन पिढ्यांची टेबलं. खिडकीजवळ एकच टेबल मोकळं होतं. जेवण बारवर जाऊन सांगायचं होतं.

आता जे झालं ते सिंगापूरच्या माणसाच्याच हातून व्हावं. माझा हात आपोआप पर्समध्ये गेला, कागदी रुमालांचं पाकीट बाहेर आलं आणि मी ते टेबलावर ठेवून रेवाला घेऊन निश्चिंतपणे रांगेत उभी राहिले. जे सिंगापूरला राहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. हॉकर सेंटरमध्ये ताट आणायला जाताना टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवायचं, म्हणजे ते टेबल तुमचं. कुणी छत्री ठेवतं, कुणी ऑफिसचा पास. भर गर्दीतही त्याला कुणी हात लावत नाही. इतक्या वर्षांत या गोष्टीचा मी कधी विचारसुद्धा केलेला नव्हता.

परत आलो तर टेबलावर एक वयस्क जोडपं बसलेलं, खाली त्यांचा म्हातारा कुत्रा, आणि बाई माझ्याच टिश्यूनं त्याचे चिखलाचे पंजे पुसत होत्या.

"हे आमचं टेबल आहे," मी म्हणाले. आवाज चढलाच होता.

"पण इथे कुणीच नव्हतं हो," गृहस्थ गोंधळून म्हणाले. बाईंनी हातातला टिश्यू बघितला, माझ्याकडे बघितलं. "अरे देवा, हे तुमचं होतं का? मला वाटलं, कुणीतरी विसरून गेलं."

माझे कान तापले. तेवढ्यात रेवा पुढे झाली. तिच्या मँचेस्टरी इंग्लिशमध्ये तिनं त्यांना सगळं समजावून दिलं, की सिंगापूरमध्ये टिश्यू ठेवला म्हणजे टेबल धरलं, आईला इथलं माहीत नाही, आणि तिथे अनोळखी माणसं एकाच टेबलावर बसून जेवतात, तर आपणही बसूया का? इंग्रज माणसाला परक्याबरोबर एका टेबलावर बसवणं सोपं नाही. पण त्या दोघांनी खुर्च्या सरकवल्या, कुत्र्यानंही पाय आवरले, आणि आम्ही बसलो.

वाफाळती ताटं आली. बाई बोलक्या होत्या. त्यांनी रेवाला विचारलं, "मग तू राहतेस कुठे, बाळ?"

"इथेच," रेवा म्हणाली. "म्हणजे मँचेस्टरला. आई सिंगापूरला असते. ती मला भेटायला आलीये."

क्षणाचाही विचार न करता म्हणाली. मग तिला बोलण्याचा झराच फुटला. सप्टेंबरपासून ती कुठल्या बसनं हायस्कूलला जाणार, मैत्रीण कुठल्या स्टॉपवर चढणार, तिनं क्लॅरिनेट शिकायला घेतलंय पण आजीला तो आवाज म्हशीसारखा वाटतो, शाळेच्या भेटीच्या दिवशी तिनं विज्ञानाच्या खोलीत काय बघितलं. दोन वर्षांच्या व्हिडिओ कॉलांत मी यातलं एक अक्षर ऐकलं नव्हतं. मी यॉर्कशर पुडिंगची कड मोडत बसले. चव काही कळत नव्हती.

"किती गोड मुलगी आहे तुमची," निघताना बाई म्हणाल्या.

परत येताना शेतांमधून रेंगाळत आलो, तोवर संध्याकाळ झाली. ऊन कलतं होतं, कोकरांच्या सावल्या लांब पडल्या होत्या. जे विचारायला मी आले होते त्याचं उत्तर मला मिळालं होतं. तिच्या तोंडून ते माझ्यासमोर पुन्हा कशाला वदवायचं? बिचारी किती दिवस धास्तावलेली असेल. शेवटच्या फाटकापाशी मी थांबले.

"रेवा, एक सांगू? मी तुला न्यायला वगैरे आलेली नाही हं. तू इथेच राहा. हायस्कूललाही इथेच जा. तुझ्यावर काही जबरदस्ती नाही."

ती कडीशी चाळा करत होती. "ओके," ती म्हणाली. कडी बसवून म्हणाली, "थँक यू."

खोटं बोलले होते, पण भल्यासाठी बोलले होते. स्वतःच्या मोठ्या मनाची मीच पाठ थोपटली आणि बाथरूमचा नळ सोडून पोटभर रडून घेतलं.

सोमवार, स्टेशन

सकाळी नाश्त्याला ती जीनबाईंशी बोलली, त्यांच्या मांजराशी बोलली, माझ्याशी नाही. ओटच्या जाड्या घावनांवर मशरूम आणि टोमॅटो असतात, ते रोज आवडीनं खाणाऱ्या मुलीनं ताट पुढे सरकवलं. "बस झालं," म्हणाली. थँक यू नाही, सॉरी नाही. मला वाटलं, दुपारी मी जाणार म्हणून असेल.

सामान घेऊन निघालो. ती माझ्या मागून चालत होती. स्टेशनच्या रस्त्यावर आलो आणि मागून जीनबाईंच्या यजमानांची हाक ऐकू आली. वळून बघते तर फाटक सताड उघडं, आणि त्यातून मेंढ्या एकीमागून एक रस्त्यावर येतायत. एक मोटार थांबली, मग दुसरी. ते बिचारे गृहस्थ काठी घेऊन धावले, त्यांचा कुत्रा धावला, मी बॅग टाकून हात पसरून रस्त्याच्या मध्ये उभी राहिले. बँकेची सिस्टिम सांभाळणारी बाई डर्बीशरच्या रस्त्यावर "हुश् हुश्" करत मेंढ्या वळवत होती. मेंढ्या आत गेल्या, मी दहा वेळा माफी मागितली, ते म्हणाले, होतं असं. पण त्यांनी फाटक ओढून कडी घातली आणि रेवाकडे एकदा बघितलं.

प्लॅटफॉर्मवर येऊन मी बॅग टेकवली. मग मात्र चार दिवसांत पहिल्यांदा चिडले.

"लक्ष कुठे होतं तुझं? तूच मला शिकवलंस ना? एखादी मेंढी मोटारीखाली आली असती म्हणजे?"

ती बाकावर बसली होती. गाडी उशिरा येणार होती आणि प्लॅटफॉर्मवर आमच्याशिवाय कुणी नव्हतं.

"तू खोटं बोललीस," ती म्हणाली.

"काय?"

"तू मला न्यायलाच आली होतीस. बाबा आणि आजी बोलत होते ते मी ऐकलं. मला पहिल्या दिवसापासून माहितीये." तिचा आवाज चिरकला. "मी रोज वाट बघत होते. नदीवर वाटलं, आता विचारशील. टनेलमध्ये तर मला शुअर वाटलं. मी काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं होतं."

"काय बोलणार होतीस?"

"नाही म्हणणार होते," रेवा म्हणाली. "पण तू विचारलंच नाहीस! म्हणजे मी आले काय, नाही आले काय, तुला सारखंच."

मला वाटलं नव्हतं की कुणी माझ्या मोठ्या मनाचा असा अर्थ लावेल. मी तिला समजवायला लागले, की काल त्या बाईंना ती जे सांगत होती ते मी ऐकलं, मला कळलं की ती इथे खूश आहे, मला तिला कोंडीत पकडायचं नव्हतं.

"ते मी त्यांना सांगितलं," ती म्हणाली. "तुला नाही सांगितलं."

मी तिच्यासमोर खाली बसले, त्या प्लॅटफॉर्मच्या फरशीवर. इतके दिवस मी तिचं उत्तर मिळवायच्या मागे होते. उत्तर तर तिच्याजवळ तयारच होतं. तिला प्रश्न हवा होता, आणि तो देणं माझ्याच हातात होतं. आता काय ऐकावं लागणार हे मला ठाऊक होतं.

"रेवा," मी म्हणाले, "माझ्याबरोबर सिंगापूरला राहायला येशील? मला तू हवी आहेस. तू गेलीस त्या दिवसापासून मला रोज तू हवी असतेस. मी तुला न्यायलाच आले होते."

तिनं बाहीनं नाक पुसलं. माझ्याकडे नीट, सरळ बघितलं.

"नाही," ती म्हणाली. "मी नाही येणार, आई."

आणि मग ती बाकावरून माझ्या अंगावर कोसळली. दोन्ही हातांनी मला इतकं घट्ट धरलं की माझा तोल गेला आणि आम्ही दोघी तशाच फरशीवर बसलो. ती हमसाहमशी रडत होती. लहान असताना नर्सरीत सोडताना रडायची तशी, तोंड माझ्या कोटात खुपसून. मीही रडले. कुणी बघायला नव्हतं आणि असतं तरी मला फिकीर नव्हती.

लांबून गाडीचा आवाज आला. मी तिला उठवलं, केस मागे सारले, दोघींच्या बॅगा उचलल्या.

"आई," ती म्हणाली, "पुढच्या वर्षी परत विचारशील?"

"विचारीन," मी म्हणाले. "दर वर्षी विचारीन."

"मी नाही म्हणाले तरी?"

"तरी."

तिनं मान हलवली, आपली बॅग माझ्या हातातून ओढून घेतली आणि गाडी थांबून दार उघडायच्या आधीच तिच्या दिशेनं चालायला लागली.